निळा प्रकाश अडवणारा चष्मा : दुकानातील चाचणी काय दाखवते आणि काय दाखवत नाही

पणजी, म्हापसा, मडगाव अशा कोणत्याही शहरातील चष्म्याच्या दुकानात अलीकडे ग्राहकापुढे एक छोटा प्रयोग केला जातो. विक्रेता पेनाच्या आकाराचा दिवा काढतो आणि त्याचा जांभळट निळा किरण एका पांढऱ्या कार्डावर सोडतो. कार्डावर गडद ठिपका उमटतो. वाटेत साधे भिंग धरले तरी ठिपका उमटतोच. मग ‘ब्लू कट’ भिंग धरले जाते आणि ठिपका नाहीसा होतो. मोबाइलमधून असाच प्रकाश डोळ्यांत जातो, असे सांगितले जाते आणि बिलात काही शे रुपयांची भर पडते. नामांकित कंपनीचे भिंग असेल तर ही भर हजारांतही जाते.

या प्रयोगात हातचलाखी नसते. किरण खरोखरच अडतो. प्रश्न एवढाच की, तो किरण आणि स्क्रीनमधून येणारा प्रकाश एकच आहेत का. याचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ब्लू कट भिंगाविषयीचा बहुतेक गोंधळ या एका फरकात सामावलेला आहे.

प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ठरतो आणि ही लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. माणसाच्या डोळ्याला साधारण ३८० ते ७८० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. ४००च्या खालच्या बाजूला अतिनील किरणांचा प्रदेश लागतो. त्याला लागून जांभळा, मग ५००च्या आसपासपर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा असा क्रम आहे. दुकानातील पेनचा दिवा सहसा ४०५ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे अगदी जांभळ्या टोकाचा. मोबाइल, संगणक आणि टीव्ही यांचा निळा प्रकाश मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असतो आणि ४०५पाशी या स्क्रीन जवळजवळ काहीच बाहेर टाकत नाहीत. ‘यूव्ही ४२०’ या नावाने विकले जाणारे भिंग ४२० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवण्यासाठी बनवलेले असते. ४०५चा किरण त्यात अडतो, भिंग दुकानातील परीक्षेत उत्तीर्ण होते आणि ४५०चा प्रकाश थोड्याफार फरकाने पूर्वीइतकाच आत येत राहतो. कुलूप पुढच्या दाराला आणि वर्दळ मागच्या दाराने, असा हा प्रकार आहे.

स्क्रीनमध्ये निळा प्रकाश इतका ठळक का असतो, यामागे एक मोठा शोध आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत निळा प्रकाश देणारा अर्धवाहक असतो आणि त्यावरील पिवळसर लेप त्यातील काही प्रकाशाचे पिवळ्यात रूपांतर करतो. दोन्ही मिसळले की डोळ्याला पांढरे दिसते. तांबडे आणि हिरवे एलईडी अनेक वर्षे उपलब्ध होते, पण प्रखर निळा एलईडी शास्त्रज्ञांना दीर्घकाळ हुलकावणी देत राहिला. तो साध्य केल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. महागड्या मोबाइलमधील ओएलईडी स्क्रीनची रचना वेगळी असली, तरी तिचा निळा भागही जवळपास याच पट्ट्यात येतो.

जाता जाता एक सावधगिरी. दुकानातील तो पेन लेझरचा असेल, तर तो गंमत म्हणूनही कोणाच्या, विशेषतः लहान मुलांच्या डोळ्यांवर रोखू नये. ज्या इजेपासून वाचवण्यासाठी चष्मा विकला जात आहे, ती इजा करण्याची क्षमता त्या काउंटरवर फक्त त्या पेनमध्येच असते.

रंगाचे साधे गणित

भिंग किती निळा प्रकाश अडवते, हे ओळखण्याचा एक मार्ग कोणत्याही यंत्राशिवाय उपलब्ध आहे. पांढऱ्या प्रकाशातून निळा काढून घेतला की उरते ते पिवळे. म्हणून जे भिंग निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात अडवते, ते पिवळसर किंवा मधाच्या रंगाचे दिसलेच पाहिजे. भिंग पांढऱ्या कागदावर धरले आणि कागद पांढराच दिसला, तर ते निळा प्रकाश फारसा अडवत नाही, मग पाकिटावर काहीही छापलेले असो. दुसरी चाचणी मोबाइलवर होते. स्क्रीनभर शुद्ध निळा रंग आणावा आणि तो आधी नुसत्या डोळ्यांनी, मग भिंगातून पाहावा. निळ्याची झळाळी ठळकपणे उतरली तर भिंग काम करते, नाही तर नाही.

बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य पारदर्शक ब्लू कट भिंगांत हा फरक पुसटच जाणवतो. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी दिलेल्या माहितीनुसार अशी भिंगे प्रकारानुसार निळ्या प्रकाशाचा १० ते २५ टक्के भाग गाळतात. त्याहून अधिक गाळायचे तर भिंगाला गडद मधासारखी छटा द्यावी लागते आणि मग रंगांची पारख बिघडते. सोनार, कापडविक्रेते, चित्रकार, छपाई आणि रंगकामातील कारागीर यांना हा तोटा विशेष जाणवेल.

निळा प्रकाश अडवण्याचे दोन मार्ग आहेत. एकात भिंगाच्या पृष्ठभागावर असा लेप देतात की, निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा काही भाग बाहेरच्या बाहेर परावर्तित होतो. अशा चष्म्यावर तिरकस उजेड पडला की निळी-जांभळी चमक दिसते. व्हिडिओ बैठकीत समोरच्याच्या चष्म्यावर दिसणारे निळे चौकोन बहुधा याच लेपामुळे असतात. दुसऱ्या प्रकारात भिंगाच्या द्रव्यातच निळा प्रकाश शोषणारा घटक मिसळतात. अशा भिंगाला फिकट पिवळी झाक असते. पहिल्या प्रकाराचा एक उपद्रव विक्रीच्या वेळी क्वचितच सांगितला जातो. पाठीमागून येणारा उजेड भिंगाच्या आतल्या बाजूवर आदळून डोळ्याकडे परततो आणि रात्री गाडी चालवताना मागच्या वाहनाच्या दिव्यांची निळी छाया त्रास देऊ शकते. चमकेच्या रंगावरून लेप आहे एवढेच कळते, तो किती प्रकाश अडवतो हे कळत नाही.

भीती आली कोठून

निळ्या प्रकाशाविषयीची काळजी निराधार मात्र नाही. अमेरिकी संशोधक विल्यम हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली माकडांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, दृष्टिपटल, ज्याला बोलीत डोळ्याचा पडदा म्हणतात, ते कमी तरंगलांबीच्या प्रकाशाने सर्वांत लवकर दुखावते. त्यांनी वापरलेल्या लेझरपैकी ४४१ नॅनोमीटरचा निळा किरण सर्वाधिक घातक ठरला. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये किंवा वेल्डिंगच्या ठिणगीकडे टक लावू नये, यामागील कारणांत हेही एक आहे. प्रसूतिगृहात कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, तीही याचसाठी.

परंतु या सर्व प्रसंगांत प्रकाशाची तीव्रता प्रचंड असते. औषध आणि विष यांतला फरक मात्रेचा असतो, तसेच येथे आहे. मेलबर्नच्या त्याच संशोधकांच्या म्हणण्यानुसार, संगणकाच्या स्क्रीनसारख्या कृत्रिम साधनांतून डोळ्याला मिळणारा निळा प्रकाश हा दिवसाच्या नैसर्गिक उजेडातून मिळणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या सुमारे एक हजारांश असतो. मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत आकाश जेवढा निळा प्रकाश ओतते, त्यापुढे त्याच्या मोबाइलचा प्रकाश नगण्य ठरतो. त्या नगण्य भागातील पाचवा हिस्सा गाळण्यासाठी वेगळे पैसे मोजावेत का, हा व्यवहाराचा प्रश्न आहे.

वाढत्या वयात डोळ्यातील नैसर्गिक भिंगही आपोआप पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश काही प्रमाणात स्वतःच गाळते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना रंग एकाएकी उजळ आणि निळसर भासतात, ते त्यामुळेच. शस्त्रक्रियेत बसवली जाणारी काही कृत्रिम भिंगे मुद्दाम पिवळसर केलेली असतात. मात्र त्यांच्यामुळे दृष्टिपटलाचे संरक्षण होते, असा ठोस पुरावा २०१८ साली घेतलेल्या कॉक्रेनच्या आढाव्यात मिळाला नाही.

संशोधन काय सांगते

कॉक्रेन ही जगभरातील वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणारी संस्था आहे. चष्म्यातील ब्लू कट भिंगांविषयीचा तिचा आढावा ऑगस्ट २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६ देशांतील १७ चाचण्या आणि एकूण ६१९ व्यक्तींची नोंद आहे. निष्कर्ष असा की, संगणकावर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा साध्या भिंगाच्या तुलनेत ब्लू कट भिंगाने अल्प मुदतीत कमी होत नसावा. झोपेवरील परिणामाबाबत निकाल परस्परविरोधी निघाले आणि दृष्टिपटलाच्या आरोग्याबाबत तर त्यांतल्या एकाही चाचणीने मोजमाप केलेले नव्हते. या आढाव्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. सर्वांत लहान चाचणी अवघ्या ५ जणांची, सर्वांत मोठी १५६ जणांची होती आणि कालावधी एका दिवसापेक्षा कमी ते पाच आठवडे एवढाच होता. ‘दहा वर्षे वापरल्यास काय’ याचे उत्तर त्यात नाही. पण ज्या फायद्याची जाहिरात होते तो, म्हणजे संध्याकाळी डोळे न थकणे, काही दिवसांतच जाणवायला हवा होता. तो जाणवल्याचे चाचण्यांत दिसले नाही.

याच गटाने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेली एक चाचणी बोलकी आहे. डोळ्यांच्या थकव्याची तक्रार असलेल्या १२० जणांनी संगणकावर दोन तास काम केले. काहींना ब्लू कट, काहींना साधी भिंगे दिली होती. कोणाला काय दिले, हे त्यांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांच्या थकव्यात फरक आढळला नाही.

ब्रिटनमध्ये हा वाद नियामकापर्यंत गेला. बूट्स ऑप्टिशियन्स या साखळीने अशा भिंगांच्या जाहिरातीत केलेले दावे पुराव्याअभावी दिशाभूल करणारे आहेत, असा निर्णय तेथील जाहिरात नियामकाने २०१५ साली दिला. पुढे २०१७मध्ये जनरल ऑप्टिकल कौन्सिलने त्या साखळीला ४० हजार पौंडांचा दंड ठोठावला. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, संगणकासाठी अशा चष्म्याची शिफारस करत नाही.

झोपेचा भाग वेगळा

झोपेबाबत निळ्या प्रकाशाचा संबंध खरा आहे, पण तो चष्म्याच्या जाहिरातीतील संबंधापेक्षा वेगळा आहे. दृष्टिपटलात काही पेशी पाहण्याचे नव्हे, तर दिवस-रात्र ओळखण्याचे काम करतात. त्यांतील मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. संध्याकाळनंतर असा प्रकाश मिळत राहिला की झोपेची चाहूल देणाऱ्या मेलॅटोनिनचे स्रवणे लांबते. हार्वर्डशी संलग्न संशोधकांच्या २०१५ सालच्या अभ्यासात १२ जणांना झोपेपूर्वी चार तास, सलग पाच रात्री, उजळ स्क्रीनवर पुस्तक वाचायला दिले. छापील पुस्तक वाचल्यानंतरच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली.

आता ४८०चा आकडा आणि ‘यूव्ही ४२०’ शेजारी ठेवून पाहावेत. पारदर्शक ब्लू कट भिंग या पट्ट्याला जवळजवळ हातच लावत नाही. तेथे परिणाम साधायचा तर नारिंगी छटेचा चष्मा लागेल आणि तो फक्त रात्री वापरण्याजोगा असेल. त्यापेक्षा स्क्रीनची प्रखरता कमी करणे, खोलीतील दिवे मंद करणे आणि झोपेच्या तासभर आधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत. उलट सकाळी हाच निळा उजेड शरीराचे घड्याळ जागेवर आणतो. चोवीस तास तो अडवणे कोणाच्याही हिताचे नाही.

मग डोळे दुखतात कशाने

थकवा खोटा नाही. कारण मात्र बहुतेक वेळा प्रकाशाच्या रंगात नसते. एरवी माणूस मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे एकाग्र होऊन पाहताना हे प्रमाण ५ ते ७ वर येते. अश्रूंचा थर वाळतो, डोळे चुरचुरतात आणि मधूनच पाणी येते. त्यात वातानुकूलन यंत्राचा झोत किंवा डोक्यावरचा पंखा असेल तर भर पडते. दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा प्रचलित नियम डोळ्यांच्या स्नायूंना आणि पापण्यांना उसंत मिळावी यासाठी आहे.

दुसरे कारण नंबरचे. अर्ध्या डायॉप्टरचा तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, रस्त्यावर चालताना जाणवत नाही, पण सहा तास एक्सेलची पाने चाळताना कपाळ ठणकवतो. चाळिशीनंतर प्रश्न अंतराचा होतो. वाचनाचा चष्मा, ज्याला मराठीत वयाचेच नाव मिळाले आहे, तो सहसा ४० सेंटिमीटर अंतरासाठी दिला जातो. संगणकाची स्क्रीन मात्र ६० ते ७० सेंटिमीटरवर असते. डायॉप्टर म्हणजे मीटरमधील अंतराचा व्यस्तांक. त्यामुळे ४० सेंटिमीटरवरील वस्तूला २.५ डायॉप्टरची शक्ती लागते, तर ६६ सेंटिमीटरवरील वस्तूला दीड डायॉप्टर पुरते. चाळिशी लावून संगणकासमोर बसलेला कर्मचारी म्हणूनच नकळत पुढे वाकतो. प्रोग्रेसिव्ह भिंग असलेला माणूस मधल्या अंतराचा अरुंद पट्टा शोधण्यासाठी हनुवटी वर उचलतो आणि संध्याकाळी मान धरल्याची तक्रार करतो. अशांसाठी केवळ संगणकाच्या अंतराचा किंवा ‘ऑफिस’ प्रकारचा चष्मा मिळतो. ब्लू कटवर खर्च होणारी रक्कम या चष्म्यावर खर्च झाली, तर तिचा उपयोग होतो.

तिसरे कारण गोव्यात विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. रक्तातील साखर वर-खाली झाली की डोळ्याचा नंबर तात्पुरता बदलू शकतो आणि अंधूक दिसू लागते. दीर्घकाळ वाढलेली साखर दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करते आणि प्रारंभी त्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही. ‘हल्ली मोबाइल फार पाहतो, म्हणून अंधूक दिसते’ असे स्वतःच ठरवून झिरो नंबरचा ब्लू कट चष्मा मागवणाऱ्या पन्नाशीतील माणसाचे नुकसान हजार-दीड हजार रुपयांचे नसते. जी तपासणी वेळेवर व्हायला हवी ती लांबते, हे खरे नुकसान. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. त्यासाठी चष्म्याच्या दुकानातील संगणकी नंबर पुरेसा नसतो, नेत्रतज्ज्ञाकडेच जावे लागते. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक येणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, एका डोळ्याची दृष्टी एकाएकी जाणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

भिंग निवडताना

भिंगाला ‘काच’ म्हणण्याची सवय कायम असली, तरी आजची बहुतेक भिंगे प्लॅस्टिकची असतात. त्यांच्यावर लिहिलेला १.५०, १.५६, १.६०, १.६७ हा आकडा अपवर्तनांक असतो. आकडा जितका मोठा, तितके त्याच नंबरचे भिंग पातळ आणि महाग. नंबर दोनच्या आत असेल, तर १.५० किंवा १.५६ सहज पुरते. तीन ते पाचमध्ये १.६०चा विचार करावा आणि सहाच्या पुढे १.६७ने चष्म्याचा जाडपणा डोळ्यांत भरेल इतका कमी होतो. पातळ भिंगाची किंमत दुसऱ्या मार्गानेही मोजावी लागते. उच्च अपवर्तनांकाच्या भिंगाच्या कडेने पाहताना अक्षरांभोवती रंगांची किनार दिसू शकते. हा गुण ॲबे अंकाने मोजतात. साध्या १.५०च्या प्लॅस्टिकचा अंक ५८ आहे, पॉलिकार्बोनेटचा ३०. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, म्हणून मुलांसाठी आणि मैदानी खेळांसाठी ते उत्तम. पण ज्याचा नंबर मोठा आहे आणि दिवसभर बारीक अक्षरे वाचायची आहेत, त्याने ते घेण्याआधी थांबावे.

स्क्रीनवर काम करणाऱ्याला प्रत्यक्ष उपयोगी पडणारा लेप परावर्तनरोधक आहे, ज्याला दुकानात ‘एआरसी’ किंवा ‘अँटी-ग्लेअर’ म्हणतात. १.५०च्या भिंगाचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, १.६७चा ६ टक्क्यांहून अधिक. हा लेप दिला की परावर्तन नाममात्र उरते, खोलीतील ट्यूबलाइटचे प्रतिबिंब डोळ्यांपुढे तरंगत नाही आणि रात्री समोरच्या वाहनाच्या दिव्याभोवतीचा पसारा कमी होतो. अनेक कंपन्यांत ब्लू कट आणि हा लेप एकत्रच येतात. ब्लू कट चष्मा घेतल्यावर ‘फरक पडला’ असे जे अनेक जण सांगतात, त्यामागे नवा अचूक नंबर आणि हा लेप यांचा वाटा असण्याची शक्यता अधिक आहे. त्यांच्या अनुभवाला खोटे ठरवण्याचे कारण नाही, श्रेय फक्त दुसऱ्याचे असू शकते.

अतिनील किरणांपासून संरक्षण ही बाब मात्र निर्विवाद आहे. मासेमारी, किनाऱ्यावरचे काम, दुचाकीवरून भर उन्हातला प्रवास यांत ती महत्त्वाची ठरते. त्यासाठी ‘यूव्ही ४००’ एवढी नोंद पुरते.

एवढे करूनही ब्लू कट घ्यायचेच असेल, तर घेण्यात धोका नाही. त्याने डोळे बिघडत नाहीत. फक्त विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत. भिंग ४५० नॅनोमीटरला किती टक्के प्रकाश अडवते? आणि ब्लू कटशिवाय तेच भिंग, त्याच परावर्तनरोधक लेपासह, कितीला मिळेल? चांगल्या कंपन्यांकडे प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश पार जातो, याचा आलेख असतो. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुन्हा जांभळा पेनच बाहेर निघाला, तर दुसऱ्या उत्तरातील रक्कम देऊन मोकळे व्हावे.

मुलांचे प्रकरण

पालकांची घाई येथे सर्वाधिक दिसते. मूल डोळे चोळते, टीव्हीच्या जवळ जाऊन बसते, डोके दुखते म्हणते आणि घरात ब्लू कट चष्मा येतो. अशा मुलाला बहुधा खराच नंबर लागलेला असतो. मुलांच्या डोळ्यांची फोकस करण्याची ताकद एवढी असते की, औषधाचे थेंब घातल्याशिवाय अचूक नंबर निघेलच असे नाही. म्हणून पहिली तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे थेंब घालूनच व्हावी. ब्लू कट भिंगाने मुलांचा वाढता नंबर थांबतो, हा दावा कोठे ऐकायला मिळाला, तर तो मान्य करू नये. नंबर वाढण्याचा वेग कमी करण्यासाठी वेगळ्या रचनेची भिंगे आणि ॲट्रोपिनचे सौम्य थेंब यांचा वापर होतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे उपचार आहेत, दुकानातील पर्याय नव्हेत.

याबाबत सर्वांत स्वस्त उपायाचा पुरावा मोठा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीत काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला. तीन वर्षांनी त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना दूरचा नंबर लागला, इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. मैदानावरील उजेडात निळा प्रकाश स्क्रीनपेक्षा कितीतरी पट अधिक असतो, हे येथे आठवावे.

ऑनलाइन खरेदी आणि पुढची काळजी

चष्मा ऑनलाइन मागवताना नंबरबरोबर दोन्ही बाहुल्यांमधील अंतर, म्हणजे ‘पीडी’, द्यावे लागते. हे अंतर अंदाजाने भरणे महागात पडते. भिंगाचा मध्यबिंदू बाहुलीसमोर आला नाही, तर भिंग प्रिझमसारखे वागते. चार नंबरचे भिंग पाच मिलिमीटर सरकले, तर दोन प्रिझम डायॉप्टरचा दोष निर्माण होतो आणि तो सावरण्यासाठी डोळ्यांचे स्नायू दिवसभर ओढले जातात. मग त्या थकव्यासाठीही मोबाइललाच दोष दिला जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पीडी लिहिलेली नसेल, तर मागून घ्यावी.

लेप उन्हाला भितात. तापल्यावर प्लॅस्टिक लेपापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि लेपाला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. त्यामुळे मे महिन्यात बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवणे किंवा उकळत्या भांड्यावर तो घालून वाकणे टाळावे. किनाऱ्यावरून आल्यावर वाळू आणि क्षार कोरड्या कापडाने पुसू नयेत. आधी नळाखाली धुवावे, भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब लावावा, मग मऊ सुती कापडाने टिपावे. सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची सवय किती महागड्या लेपांवर ओरखडे पाडून गेली असेल, याची गणती नाही.

बिलावर भिंगाची कंपनी, अपवर्तनांक आणि लेपाचे नाव स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. नुसते ‘ब्लू कट लेन्स’ एवढे लिहिलेले बिल तक्रारीच्या वेळी कुचकामी ठरते. नवा चष्मा लावल्यावर पहिले दोन-चार दिवस जमीन किंचित तिरपी भासणे स्वाभाविक आहे. आठवड्यानंतरही डोके जड राहिले, तर सवय होईल म्हणून वाट पाहू नये. चष्मा आणि चिठ्ठी घेऊन दुकानात जावे आणि नंबर, सिलिंडरचा कोन व मध्यबिंदू लेन्सोमीटरवर पुन्हा मोजून मागावेत. या मोजणीला पाच मिनिटे पुरतात.